एवढंच लिहिलंय?

दिवाळी सरली आणि सातपुड्याकडून गार वारा सुटला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर लहान मुलांच्या चिठ्ठ्या वाढतात. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या चोपड्याची थंडी कोरडी, बोचरी. शेताशेतांत भरिताच्या पार्ट्या रंगात येतात त्याच दिवसांत कपाशी वेचणाऱ्या बायांच्या झोळीतली पोरं खोकायला लागतात. चिठ्ठी हातात घेण्याआधीच मी रॅककडे वळलेली असते, कारण मजकूर ठरलेला. अँटिबायोटिकची पावडरीची बाटली (उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, फेस बसला की पुन्हा घालायचं, हे मी झोपेतही सांगू शकेन), खोकल्याचं औषध, सर्दीचे थेंब, तापाचं औषध, आणि मूल जरा जास्त घरघरत असेल तर स्टेरॉइडचं सिरप. शेवटी एखादं टॉनिक. पाच-सहा ओळी. पिशवी जड होते, बाप पाकीट काढतो, आई पिशवी हाताने तोलून बघते आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरतो.

मग आमच्या बोळात नव्या बालरोगतज्ज्ञ मॅडम आल्या. त्यांच्या चिठ्ठीवर दोनच ओळी असायच्या: नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि ताप आला तरच पॅरासिटामॉल. चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूला मात्र त्या हाताने बरंच काही लिहायच्या. पहिल्या आठवड्यात एक बाप चिठ्ठी काउंटरवर आपटून म्हणाला, "ताई, एवढंच लिहिलंय? चारशे रुपये फी घेतली ना तिनी!" माझे सासरे, आबा, यांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "हिच्या भरवशावर दुकान चालायचं नाही."

आबांचं चूक नव्हतं. दुकान खरोखरच त्यावर चालत नाही. पण मी बी.फार्म. झालेली, आणि ती चिठ्ठी माझ्या डोक्यातून जाईना. दुपारी गर्दी ओसरली की मी मॅडमच्या दवाखान्यात जाऊन बसायला लागले. त्यांना बोलायला कुणीतरी हवंच होतं, आणि मला विचारायला.

सुरुवात झाली ब्रॉन्किओलायटिसपासून. दोन वर्षांच्या आतल्या, त्यातही सहा महिन्यांच्या आसपासच्या बाळांचा हा आजार. बहुतेक वेळा आरएसव्ही नावाचा विषाणू. आधी नाक वाहतं, मग खोकला, मग छातीतून शिट्टीसारखा आवाज आणि पोट वरखाली करत चाललेला श्वास. तो आवाज ऐकला की कुणालाही दमा आठवतो, आणि दम्याला जे लागू पडतं ते इथेही दिलं जातं. सॅल्ब्युटॅमॉल श्वासनळीभोवतीचा आवळलेला स्नायू सैल करतं. पण या बाळांच्या अडचणीचं मूळ तिथे नसतं. सर्वांत बारीक नळ्यांचं अस्तर सुजलेलं असतं, झडलेल्या पेशी आणि चिकट स्राव यांनी नळी बुजलेली असते. स्नायू सैल करून सूज उतरत नाही. हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. बाळांचे दोन गट करून, एकाला औषध आणि एकाला नुसतं खारं पाणी देऊन पुन्हा पुन्हा पाहिलं गेलं. सॅल्ब्युटॅमॉलने दवाखान्यात राहायचे दिवस कमी झाले नाहीत, स्टेरॉइडने झाले नाहीत, आणि विषाणूपुढे अँटिबायोटिकचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली आणि ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१५ साली हे सगळं नेहमीसाठी देऊ नका असं लिहून टाकलं. उरलं काय? नाक मोकळं ठेवणं, थोडं थोडं दूध पाजत राहणं, आणि ऑक्सिजन कमी पडला तर ऑक्सिजन.

"मग इतकी वर्षं पोरं बरी कशी झाली?" हा माझा प्रश्न. माझ्या हातून गेलेल्या बाटल्यांची पोरं बरी होऊन दारात आलेली मी पाहिली आहेत, त्यांच्या आयांनी दुवा दिलेला आहे.

मॅडम हसल्या. हा आजार तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत चढतो आणि मग आपसूक उतरायला लागतो. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. आई दवाखान्यात कधी येते? चढतो तेव्हाच, चौथ्या दिवशी. त्या दिवशी काहीही द्या, सहाव्या दिवशी बाळ हसायला लागतं. तापीला पूर आला की गावातल्या बाया नदीची ओटी भरतात आणि मग पाणी उतरतं; कुणी म्हणतं ओटीने उतरलं. ओटी न भरलेल्या वर्षीही ते उतरलं असतं का, हे बघायला ओटी न भरता थांबायची छाती कुणाची? दुसरा गट ठेवून तुलना करायची ती नेमकी यासाठी.

हा विचार तसा जुना नाही. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन खरंच चालतं का हे चिठ्ठ्या टाकल्यासारखी रुग्णांची वाटणी करून तपासलं गेलं. ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने ती आखणी केली होती. पुढे आर्ची कॉक्रेन हा डॉक्टर १९७२ साली आपल्याच बिरादरीला विचारता झाला की तुम्ही जे देता त्यातलं किती तपासून देता. हा माणूस वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांच्या छातीचे आजार मोजत हिंडलेला. त्याच्या नावाने १९९३ साली ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेली संस्था आज जगभरचे प्रयोग एकत्र करून, चाळून निष्कर्ष मांडते. आणि डॉक्टर डेव्हिड सॅकेट यांनी १९९६ साली एक खुलासा केला, जो मॅडमनी मला दोनदा वाचून दाखवला: नुसते प्रयोगांचे निष्कर्ष म्हणजे पुराव्यावर आधारलेली वैद्यकी नाही, त्यात डॉक्टरचा स्वतःचा अनुभव हवा आणि रुग्णाला काय हवंय तेही हवं. यातलं तिसरं आमच्या काउंटरवर रोज रांगेत उभं असतं आणि म्हणतं, "सुई नही दिधी?"

मला या सगळ्यात एकच गोष्ट फार जाणवते. औषध न देणं हे देण्यापेक्षा कितीतरी कष्टाचं काम आहे. पाच ओळी लिहायला अर्धं मिनिट पुरतं. दोन ओळी लिहून आईला पटवायला पंधरा मिनिटं लागतात, आणि बाहेर चाळीस जण बसलेले असतात. जी बाई पहाटे पाड्यावरून निघून जीपने आली, दिवसाची मजुरी बुडवून आली, तिला "काही लागत नाही" हे वाक्य अपमानासारखं लागतं. जुन्या डॉक्टरांना या गोष्टी माहीत नसतात असं मला वाटत नाही. त्यातल्या पुष्कळांना माहीत असतं. पण समोरच्या बाईला हातात काहीतरी हवंय हे त्यांनाही दिसतं, आणि शेजारचा डॉक्टर ते देणार आहे हेही. आम्ही मेडिकलवाले त्या साखळीतलेच. आम्हाला साधू समजू नये.

म्हणून मला मॅडमच्या चिठ्ठीची मागची बाजू महत्त्वाची वाटते. तिथे त्या आईला एक काम देतात. श्वास मोजायचं.

ही युक्ती आली पापुआ न्यू गिनीहून. तिथे फ्रँक शान या डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की एक्स-रे नसेल, स्टेथोस्कोप नसेल, तरी श्वासांची गती आणि छाती आत ओढली जाते का एवढ्यावर न्यूमोनियाची शंका बऱ्यापैकी घेता येते. जागतिक आरोग्य संघटनेने त्याचे आकडे केले: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त. महाराष्ट्रात हे काम घरोघर नेलं ते गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर जोडप्याने. सुमारे शंभर गावांत, काहींत उपचार पोचवून आणि काहींशी तुलना करून, गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखायला आणि साधं अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. १९९० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं: न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा साधारण निम्म्यावर होते. ज्यांना आकडे येत नाहीत त्यांच्यासाठी त्यांनी मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं श्वास मोजायचं साधनही केलं. आमच्या राज्यातल्या जंगलात झालेलं हे काम जगाच्या पुस्तकात गेलं, आणि आमच्या चोपड्यात अजून न्यूमोनिया आहे का हे विचारलं की उत्तर येतं, "फोटो काढा," म्हणजे एक्स-रे.

मोजणं सोपं वाटतं, पण नसतं. मॅडमनी मला शिकवलं. बाळ रडत असेल तर मोजायचं नाही, पीत असेल तर मोजायचं नाही. झबलं वर करायचं, पोटाकडे बघायचं, वर गेलं की एक. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका चालीत नसतो. मध्येच थांबतो, मग भरभर चार घेतो. मोबाइलचं घड्याळ लावायचं आणि त्या मिनिटात कुणाशी बोलायचं नाही. गेल्या पौषात एक आजी नातवाला शालीत गुंडाळून आली, चिठ्ठी नाही काही नाही. "माय, पोऱ्या धापा टाकस, दूध पेत नही. ते खोकलानं लाल औषध दे." शाल सोडली. आठ-नऊ महिन्यांचं पोर. मी मोजायला लागले आणि काही सेकंदांतच कळलं की हा वेग वेगळा आहे. आकडा पन्नासच्या बराच पुढे गेला. त्याहून वाईट म्हणजे श्वास आत घेताना छातीच्या खालच्या बरगड्या आत जात होत्या, तिथे खळगा पडत होता. लाल औषध दिलं नाही. दुकानातल्या पोराला सोबत देऊन तिला मॅडमकडे पाठवलं. रक्तातला ऑक्सिजन ब्याण्णव टक्के आला. त्या पोराला त्यांनी अँटिबायोटिक दिलं, आणि लगेच दिलं.

हे सांगायचं कारण, "पुरावा, पुरावा म्हणणारे डॉक्टर काही देतच नाहीत" असं गावात झालंय. तसं नाही. न्यूमोनियात ते देतात, पण साधं अमॉक्सिसिलिन, तोंडाने. पाकिस्तानात झालेल्या आणि २००८ साली छापलेल्या प्रयोगात छाती आत ओढणाऱ्या मुलांना घरी तोंडाने अमॉक्सिसिलिन देणं हे दवाखान्यात ठेवून इंजेक्शन देण्याच्या तोडीचं निघालं. भारतातल्याच मोठ्या दवाखान्यांत झालेल्या आणि २००४ साली छापलेल्या प्रयोगात साध्या न्यूमोनियाला पाच दिवसांऐवजी तीन दिवसही पुरले. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने धोक्याची लक्षणं नसलेल्या, छाती ओढणाऱ्या मुलांवरही घरी उपचार चालतील असं म्हटलं. आजीच्या नातवाला मॅडमनी घरी सोडलं नाही, कारण तो दूध पीत नव्हता. अंगावरचं पिणं बंद होणं ही धोक्याची खूण. आजी तेच पहिल्या वाक्यात बोलली होती, तिला कुठलंही पुस्तक लागलं नव्हतं.

दम्याची गोष्ट निराळीच. तिथे औषध आहे, चांगलं आहे, आणि लोकांना नको आहे. ओढायचं स्टेरॉइड रोज दिलं तर दम्याचे झटके कमी होतात, याला आता भरपूर आधार आहे. पण "पंप" म्हटलं की घरात सुतक पडल्यासारखं होतं. पोरगी असेल तर जास्तच. "पंप लागला असं कळलं तर सोयरीक कशी जुळायची?" हे वाक्य मी नऊ वर्षांच्या मुलीच्या आईकडून ऐकलंय. त्यापेक्षा ती सिरपच्या बाटल्या नेते, ज्यातलं औषध पोटातून सगळ्या अंगभर फिरतं आणि छातीत थोडंसंच पोचतं. हातापायाला कापरं भरतं ते वेगळं. वाढ खुंटते अशीही भीती आहे, आणि ती हवेतली नाही. अमेरिकेत मुलांच्या एका मोठ्या गटाला वर्षानुवर्षं ओढायचं स्टेरॉइड देऊन पुढे मोठेपणी मोजलं, तेव्हा उंची सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. मॅडम हा आकडा लपवत नाहीत. पट्टीवर बोटाने दाखवतात, एवढं. मग विचारतात, रात्रीची जागरणं आणि बुडालेली शाळा यांच्या बदल्यात हे चालेल का? काही आया हो म्हणतात. काही नाही म्हणतात, आणि मॅडम त्यांच्याशी भांडत नाहीत. मला ते आवडतं, आबांना नाही. ते म्हणतात, "डॉक्टरनं सांगायचं असतं, विचारायचं नसतं."

पंपाला लहान मुलात स्पेसर लागतो, म्हणजे मधला पोकळ डबा. त्यातून दिलेलं औषध मशीनच्या वाफेइतकंच काम करतं, हे झटका आलेल्या मुलांवरच तपासलेलं आहे. तरीही आमच्याकडे "मशीन लावलं" म्हणजे खरा उपचार आणि डबा म्हणजे खेळणं. स्पेसर न परवडणाऱ्यांसाठी मॅडमनी एक बाटली करून दाखवली. पाण्याची अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली, बुडाला तापवलेल्या तारेने पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक, पंप त्यात घट्ट बसवायचा, आणि बाटलीचं तोंड मुलाच्या तोंडात. मला जुगाड वाटला. पण केपटाउनमध्ये हेदर झार या बालरोगतज्ज्ञांनी नेमकी अशी बाटली विकतच्या स्पेसरशी ताडून पाहिली होती, १९९९ साली लॅन्सेटमध्ये ती तुलना छापून आली, आणि बाटली कमी पडली नव्हती. आमच्या दुकानात स्पेसर विकायला आहे. बाटलीची कृती मी विचारणाऱ्याला सांगते. आबा तेवढ्या वेळापुरते आत जातात.

पुरावा नेहमी आपल्या बाजूने बोलतो असंही नाही, आणि मला तो सर्वांत जास्त टोचला तो चुलीच्या बाबतीत. आमच्याकडे कपाशी निघाली की पऱ्हाट्यांचे भारे दारात रचले जातात आणि पावसाळ्यापर्यंत चुलीत जातात. आई भाकरी थापते, पाठीशी झोळी, घरभर धूर. माझी खात्री होती की धूर गेला की पोरांचा न्यूमोनिया जाणार. मग मॅडमनी २०२४ साली छापलेला मोठा प्रयोग दाखवला. ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि आपलं तमिळनाडू, अशी चार ठिकाणं, सुमारे ३२०० घरं. निम्म्या घरांना गॅसची शेगडी आणि सिलिंडर फुकट. घरातला धूर खरोखर कमी झाला. आणि बाळांचा गंभीर न्यूमोनिया? फरक पडला नाही. मी म्हणाले, काहीतरी चुकलं असेल. मॅडम म्हणाल्या, "सिरपच्या वेळी तू प्रयोग मान्य केलास, आता तुला आवडला नाही म्हणून नको?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी अजूनही पाहुण्यारावळ्यांना गॅस वापरा म्हणते, धुराने डोळे चुरचुरतात आणि म्हातारपणी छाती जाते म्हणून. न्यूमोनिया टळेल असं मात्र आता म्हणत नाही. त्यासाठी लस आहे, न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकस या जंतूवरची. २०२१ पासून ती देशभर सरकारी लसीकरणात फुकट आहे. अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी जा म्हणते.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाड्याकडे, खोकल्याचं सिरप पिऊन मुलं दगावली. बाटलीत डायएथिलीन ग्लायकॉल होतं, मूत्रपिंडं निकामी करणारं. केंद्राने सूचना काढली की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहू नयेत आणि पाचच्या आत शक्यतो टाळावीत. मॅडमच्या पंधरा मिनिटांनी जे झालं नव्हतं ते टीव्हीने एका आठवड्यात केलं. आया बाटल्या परत घेऊन आल्या. आबांनी स्टॉक परत पाठवला. मला त्यात समाधान वाटलं नाही. विषारी बाटली ही एक गोष्ट आणि निरुपयोगी बाटली ही दुसरी. लोकांनी दोन्ही एक केल्या. भीती ओसरली, थंडी वाढली, आणि डिसेंबरात पुन्हा "चांगल्या कंपनीचं द्या" सुरू झालं. चांगल्या कंपनीचं असलं तरी दोन वर्षांच्या बाळाच्या खोकल्यावर त्याचा उपयोग नाही, हे वाक्य तसंच न ऐकलेलं राहिलं. मी एक वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध द्या म्हणते. त्याला थोडाफार आधार आहे. वर्षाच्या आत मध नाही, त्यातून बोट्युलिझमचा, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचा धोका असतो. मध आमच्याकडे विकायला आहे, हे आबांनी लगेच हेरलं.

या थंडीत एक वाद मात्र मिटलेला नाही. मॅडम तान्ह्या बाळाला घरी पाठवताना मागच्या बाजूला लिहितात: दूध निम्म्यावर आलं, श्वास मधेच थांबला, ओठ निळसर झाले, तर लगेच परत या. गावातल्यांना ठीक आहे. पण सातपुड्यातल्या पाड्यावरून रात्री दहा वाजता लगेच म्हणजे काय? मोबाइलला रेंज नाही, जीप सकाळी. म्हणून अशा बाळांना त्या एक रात्र ठेवून घेतात, आजार साधा असला तरी. ब्रिटनच्या नाइसच्या त्या सूचनांतही बाळाला ठेवायचं की सोडायचं हे ठरवताना घर किती लांब आहे ते बघा असं म्हटलेलं आहे. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अर्थातच धडगाव-चोपडा नसणार. परवा अशाच एका बाळाचा बाप सकाळी बिल घेऊन आमच्याकडे आला, सुट्टे पैसे मागायला. म्हणाला, रात्रभर ठेवलं, नाक साफ केलं आणि आईला दूध पाजायला लावलं. सलाइन नाही, सुई नाही. हे तर घरी पण झालं असतं.

मी म्हटलं, बरोबर आहे भाऊ, घरीच झालं असतं. आणि रात्री बिघडलं असतं तर?

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण नाही ना बिघडलं. मग पैसे कशाचे?"

आबा गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होते. मी त्याला नाकाचे थेंब दिले, कसे घालायचे ते दाखवलं आणि सुट्टे पैसे परत केले.